लाल ठिपक्याचा फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे, आणि मागाहून कुणाचा बोल नको म्हणून आत्ताच सांगून टाकतो, मी एका बाजूला थोडा कललेला आहे. मला वीस बाजू आहेत. प्रत्येक बाजू त्रिकोणी, प्रत्येकीवर तापलेल्या सुईनं कोरलेला एक आकडा. त्यातल्या चाराच्या आकड्याशेजारी एक लाल ठिपका आहे. आता तो बराच फिका पडलाय. पण माझी सगळी गोष्ट त्या ठिपक्यापाशीच सुरू होते, तेव्हा तो नीट पाहून ठेवा.

आकारानं मी लिंबाएवढा आहे. फाशाच्या मानानं हे जरा अतीच झालं, ठाऊक आहे मला. पण त्यात माझा काय दोष? मला घडवणारे बाबा ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. आणि गार होताना लोखंड आकसतं, म्हणून साचा किंचित मोठाच करायचा असतो. ही सवय बाबांच्या हाडीमांसी खिळली होती. मुलांना बूट घ्यायचे तर एक माप मोठे. स्टूल करायला घेतलं तर त्याचं टेबल व्हायचं. लाकडाचा फासा काही गार होऊन आकसणार नव्हता, पण बाबांनी मलाही आकसायला जागा ठेवली.

आता मला घडवायची वेळ का आली, ते ऐका. त्या घरात दोन मुलं. तेरा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचा तिचा भाऊ. कुणी मोठ्यानं बोललं की हा मान आत ओढून गप्प बसायचा, म्हणून ताईनं त्याचं नाव ठेवलं गोगलगाय, आणि त्याचं झालं गोगा. एका सुट्टीत मुलांच्या मामानं एक खेळाची पेटी आणून दिली. दूरच्या एका भयंकर ग्रहावर उतरायचं, तो पायी पालथा घालायचा आणि जिवंत परत यायचं, असा तो खेळ. पेटीत नियमांचं एक पातळ पुस्तक होतं आणि प्लास्टिकचे दोन फासे होते, एक ग्रहाचा आणि एक माणसांचा. बाकी सगळं आपल्या डोक्यातून काढायचं. ग्रहाचं नाव पेटीवर होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. ताईनं त्याला नाव दिलं करपा.

ताई झाली ग्रह. म्हणजे करपावर वादळ कधी सुटणार, जमीन कुठे खचणार, कुठल्या बिळातून काय बाहेर येणार, हे ती ठरवायची. गोगा झाला कप्तान. शेजारची जाड चष्म्याची ढापणी झाली डॉक्टर. प्रत्येक माणसाला दहा काड्या मिळायच्या. साध्या काड्यापेटीतल्या काड्या, बाबांनी गूल काढून दिलेल्या. एक काडी म्हणजे एक दमभर हवा. संकट आलं की ताई आकडा सांगायची, फासा त्या आकड्याला पोचला तर सुटलात, नाही पोचला तर एक काडी ग्रहाला द्यायची. काड्या संपल्या की माणूस संपला. हवा दुसऱ्याला देता यायची, पण नकाशावर त्याच्याच चौकोनात जाऊन उभं राहिलं तर. ढापणी मात्र स्वतःच्या काड्या मुठीत अशी आवळून बसायची की तिच्याकडून एक काडी सोडवणं म्हणजे करपावर उतरण्यापेक्षा अवघड.

पहिल्याच दुपारी गोगाचा कप्तान तीन वेळा मेला. एकदा दलदलीत, एकदा वाफेत, आणि एकदा तर यानाच्या शिडीवरून उतरतानाच. त्या वर्षी शाळेत गोगाला त्याच वर्गात पुन्हा बसवलं होतं, आणि त्या दिवसापासून तो फारसं बोलत नव्हता. तो उठला, माणसांचा फासा अपशकुनी आहे म्हणून साबणानं धुवायला मोरीत घेऊन गेला, आणि साबणानं बुळबुळीत झालेला तो फासा हातातून निसटून थेट नळीत गेला. मग गोगा पलंगाखाली जाऊन बसला. ताईनं वाकून पाहिलं तेव्हा तो म्हणाला, “माझं काहीच नीट होत नाही. मी खेळत नाही जा.”

ताईनं बाबांच्या मागे धोशा लावला, आणि बाबांनी कारखान्यातल्या एका उरलेल्या लाकडाच्या तुकड्यातून मला घडवलं. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ते मला कानशीनं घासत होते. मी गुळगुळीत झालो, आकडे कोरून झाले, आणि अगदी शेवटी पॉलिश पेपर मारताना चाराच्या बाजूखाली एक काळसर डोळा वर आला. लाकडातली गाठ! बाबांच्या कपाळाला आठी पडली. मला घरी आणून त्यांनी पाण्याच्या ग्लासात टाकलं. लाकडाचा जीव, मी तरंगलो. पण गाठीची बाजू जड, ती खाली गेली आणि समोरचा सतरा वर आला. बाबांनी बोटानं मला बुडवलं. वर आलो तो पुन्हा सतरा. दहा वेळा बुडवलं, दहा वेळा सतरा.

“बिघडला,” बाबा म्हणाले. “टेबलावर टाकलास तरी हा सतराकडे झुकणार. नेहमी नाही, पण व्हायला पाहिजे त्यापेक्षा जास्त. मी दुसरा करतो.”

“राहू दे ना बाबा,” ताई म्हणाली. “हाच चालेल.”

बाबांच्या कारखान्यात एक रीत होती. एखाद्या साच्यात खोट राहिली आणि तरी तो वापरायचा असला, तर खोटीच्या जागी लाल ठिपका लावायचा आणि साचा पुढे देताना तोंडानं सांगायचं, इथे असं असं आहे. खोट लपवणाऱ्याला तिथे कुणी माणसात धरत नसे. बाबांनी लाल रंगाच्या डबीत काडी बुडवून माझ्यावर ठिपका दिला आणि मला ताईच्या हातावर ठेवलं. “खेळणाऱ्यांना सांगून ठेव,” ते म्हणाले. ताईनं मान हलवली. तिचा तळहात गार आणि ओला होता. मला तो आजही आठवतो, कारण पुढे कितीतरी वर्षं तिनं मला हातात घेतलं नाही. तिच्या वाट्याला ग्रहाचा प्लास्टिकचा फासा होता. मी माणसांचा होतो.

“हा ठिपका कसला?” गोगा त्या दिवशीही मागच्या खोलीत पलंगाखालीच होता; ताईनं मला पुढे धरलं तसा हात बाहेर काढत त्यानं विचारलं.

ताईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, “तो करपाचा सूर्य.”

झालं! एवढ्याशा वाक्यानं मी खोटा झालो. मी स्वतः कधी लबाडी केली नाही हो, मी आपला जसा घडलो तसा पडत होतो. पण ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नव्हतं, आणि ते माझ्या आतल्या गाठीपेक्षा मला जड झालं.

तरी खरं सांगू, ती वर्षं माझी सोन्यासारखी गेली. शनिवारी दुपारी आईची टेलिफोन ऑफिसातली पाळी असायची, बाबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे व्हायचे, आणि मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर करपा उलगडायचा. बाबांच्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर ताईनं त्याचा नकाशा काढला होता. पलीकडच्या निळ्या रेघा कागदातून अंधूक दिसायच्या, त्यांना मुलं करपाच्या भूमिगत नद्या म्हणायची. तिथे काचेचं वाळवंट होतं. हाक मारली की तुमच्याच आवाजात भलतंच उत्तर देणारी दरी होती. आणि उसासे होते. उसासा म्हणजे खचण्याआधी जमीन सोडते तो श्वास. ताई डोळे मिटून असा काही लांब उसासा सोडायची की ढापणी खुर्चीवर पाय वर घ्यायची आणि किंचाळायची, “पळा!”

सुरुवातीला गोगा मला नुसता हातातून सोडायचा, जणू चटका बसेल. पण मी पडलो सतरा. पुढच्या खेपेला एकोणीस, मग सहा, मग पुन्हा सतरा. त्याची मान हळूहळू बाहेर येऊ लागली. महिन्याभरात तो मला दोन्ही हातांत खुळखुळवून टाकायला लागला. “कप्तान पुढे जातो!” असं ओरडून टेबलावर गुडघे टेकायला लागला. उसासा ऐकू आला की ढापणी मागे पळायची आणि हा पुढे. एकदा दरीच्या तोंडाशी शेवटची काडी उरली असताना त्याला सोळा हवे होते. मी टेबलावरून घरंगळलो, नकाशाच्या कडेवर अडलो, डुगडुगलो आणि सतरावर बसलो. गोगानं मला उचलून जो मुका घेतला! आभाळ ठेंगणं झालं मला. ताई त्याच्याकडे बघून हसत होती, आणि तिची बोटं नकाशाचा कोपरा पुन्हा पुन्हा दुमडत होती.

भांडणं तर रोजचीच. “आकडा पंधरा सांगितला होतास!” “सोळा सांगितला होता, कान साफ कर!” “ग्रहाला लाज नाही!” “कप्तानाला अक्कल नाही!” दोघं अशी कडाकडा भांडायची की बाबा वर्तमानपत्राखालून ओरडायचे, “करपा बंद करीन हं!” मग दोघं एकदम चिडीचूप. मला त्या भांडणाची इतकी सवय झाली होती की भांडण नसलं तर दुपार सुनी वाटायची.

गोगा परीक्षेला मला खिशात घालून न्यायचा. तलावाच्या उंच फळीवरून पहिल्यांदा उडी मारली तेव्हा मी काठावर त्याच्या चपलेत होतो. “माझं दान पडतंच,” असं तो सगळ्यांना सांगायचा. ताई ऐकायची आणि विषय बदलायची. मधून मधून बाबा विचारायचे, “सांगितलंस ना गं त्यांना?” आणि ताई म्हणायची, “हो, केव्हाच.” हे दुसरं खोटं.

नऊ वर्षं अशी गेली. ढापणीचे घरचे दुसरीकडे राहायला गेले, तिचा डॉक्टर चिमणी नावाच्या यानात झोपून राहिला. तरी ताई आणि गोगा दोघंच खेळत राहिले. एका शनिवारी कप्तान करपाच्या सगळ्यात खोल गुहेत अडकला होता. हातात एकच काडी. बाहेर पडायला पंधरा हवे होते. गोगानं मला मुठीत घेतलं आणि खिशातून एक कागद काढून टेबलावर टाकला.

“आधी हे बघ. निवड झाली माझी. पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाला. बंदरात जहाजाच्या तळाखाली उतरून दुरुस्ती करायची.”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. “पाठीवर हवा बांधून? किती वेळ पुरते ती?”

“मोजलेली असते गं. आणि थोडं इकडे तिकडे झालं तरी काय? माझं दान पडतंच.” असं म्हणून तो मला टाकणार, तेवढ्यात ताईनं त्याची मूठ धरली.

“थांब,” ती म्हणाली. तिनं पाण्याचा ग्लास आणला, मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पाण्यात सोडलं. सतरा. तिनं बोटानं बुडवलं. सतरा. गोगा आधी हसला, त्याला वाटलं काहीतरी गंमत आहे. पाचव्यांदा सतरा आल्यावर त्याचं हसू मावळलं. दहाव्यांदा तर त्यानं पाहिलंच नाही.

“तो सूर्य नाही,” ताई म्हणाली. “खोटीची खूण आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मीच लपवलं. तुझं दान पडत नाही गोगा. फाशात गाठ आहे. पाण्याखाली जाताना हे डोक्यात घेऊन जाऊ नकोस, तुझ्या पाया पडते.”

बाबा दारात उभे होते. ते ताईकडे बघून एवढंच म्हणाले, “तू मला हो म्हणाली होतीस.”

गोगा ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, “शाळेत नाही, मैदानात नाही, निदान करपावर तरी मी माझ्या जिवावर चालतोय असं वाटत होतं मला. तिथेही तूच मला धरून चालवत होतीस.” त्यानं आपली शेवटची काडी नकाशावर गुहेच्या चौकोनात ठेवली, कागद घडी करून खिशात घातला आणि उठला. मी ग्लासात तसाच तरंगत राहिलो. मला बाहेर काढायचंही कुणाला सुचलं नाही.

मग सुरू झालं माझं कपाटावरचं आयुष्य. पेटी वर, पेटीवर पाहुण्यांच्या चादरी, चादरींवर धूळ. आत मी, ग्रहाचा प्लास्टिकचा फासा, घडी घातलेला नकाशा, काड्यांची पेटी आणि गुहेच्या घडीत अडकलेली ती एक काडी. प्लास्टिकच्या फाशाला बोलायचं वळण नाही. कसर नकाशाचं काचेचं वाळवंट खात होती, आणि मी खालचे आवाज ऐकत पडून होतो.

आणि खालून काय ऐकू यायचं? टेलिफोनवरची चौकशी. गोगा पाणबुड्या झाला. ताई हवामान कार्यालयात लागली. लहानपणी वादळं सोडणारी मुलगी आता वादळांची आगाऊ सूचना द्यायला लागली. सणासुदीला, आजारपणाला दोघं घरी यायची. “कशी आहेस?” “बरी आहे. तू?” “मजेत. कामाचं?” “चाललंय.” एकमेकांना पाणी द्यायची, खुर्ची द्यायची, आधी तू घे म्हणायची. मित्रांनो, चौदा वर्षांत मी त्या दोघांचं एकही भांडण ऐकलं नाही. परकी माणसं वागतात तशी ती नीट वागत होती, आणि ते ऐकून माझ्या आतली गाठ दुखायची. आई म्हणायची, “मुलं किती समजूतदार झाली!” पुढे आईही गेली. बाबा घरात एकटे राहिले आणि त्यांचे हात थरथरायला लागले.

अखेर बाबांनी ताईकडे राहायला जायचं ठरलं, आणि घर आवरायला दोघं भावंडं आली. खोलीत तीन ढीग केले होते, ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं. कपाटावरून पेटी खाली उतरली. ताईनं झाकण थोडं उचललं. मला तिचा चेहरा दिसला, कपाळावर दोन पांढरे केस. मी म्हटलं, आता उचलणार मला! पण तिनं झाकण लावलं आणि पेटी टाकायच्या ढिगात ठेवली. मला राग नाही आला. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं, एवढं मला कळत होतं.

मला वाचवलं ते चौकशीबाईंनी. गोगाची आठ वर्षांची मुलगी. प्रश्न विचारून विचारून ती घरादाराला धारेवर धरते, म्हणून हे नाव. ढिगातून पेटी ओढून तिनं सगळं जमिनीवर उपडं केलं. “हे काय आहे? हा नकाशा कुठला? एवढा मोठा फासा कुणाचा? आणि हा लाल ठिपका कसला?”

ताई कपाटात तोंड घालून कपड्यांच्या घड्या मोजत राहिली. मग गोगा मुलीशेजारी जमिनीवर बसला.

“ही खोटीची खूण,” तो म्हणाला. “आत गाठ आहे. थांब, दाखवतो.” आणि त्यानं ग्लास मागवला.

मी पाण्यात पडलो. चौदा वर्षांनी पाण्याचा गारवा! वर आलो तो सतरा. चौकशीबाईंनी बुडवलं, सतरा. “अय्या!” ती म्हणाली. “म्हणजे हा लबाड आहे?”

मला जे लागलं म्हणता! पण बाबाच बोलले. “लबाड नाही गं. सांगितलं नव्हतं, तेवढीच लबाडी. ती काही त्याची नाही.”

“माझी,” ताई म्हणाली. ती अजून कपाटाकडेच तोंड करून होती. “तुझा बाबा पलंगाखाली जाऊन बसायचा. मला ते बघवायचं नाही. म्हणून केलं. पण चुकलंच माझं, गोगा.”

गोगानं ग्लास जवळ ओढला. “ताई,” तो म्हणाला, “चार वर्षांपूर्वी एका जहाजाखाली होतो मी. हवेचा काटा अर्ध्यावर होता. जोडीदारानं खुणेनं सांगितलं, भरपूर हवा आहे, काम संपवूनच वर जाऊ. मला कसं कुणास ठाऊक, हा ग्लास दिसला. दहा वेळा तोच आकडा. मी काट्याकडे पाहिलं, आणि तोही हलत नव्हता गं. ठोकून पाहिला, ढिम्म. अडकला होता. जोडीदार हात झटकत होता, तरी त्याला ओढून वर आलो. वर येऊन बघितलं तर टाकीत हवेचा नुसता तळ उरला होता. दान पडेल म्हणून थांबणाऱ्यातला मी. त्या दिवशी थांबलो नाही, ते तुझ्यामुळे.”

ताई वळली. “चार वर्षं झाली? आणि मला सांगितलं नाहीस?”

“फोन केला होता त्याच दिवशी. तू हॅलो म्हणालीस आणि मला काही सुचेना. मग पावसाचं विचारलं.”

“म्हणजे तो फोन? अरे, मी वीस मिनिटं तुला ढगांबद्दल सांगत बसले होते!”

“ऐकत होतो ना मी. सगळे ढग पाठ झाले.”

ताई हसायला गेली आणि रडली. मग जमिनीवर बसली. चौकशीबाईंना मोठ्यांच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं नकाशाची शेवटची घडी उलगडली आणि ती काडी उचलली. “ही इथे का आहे?”

“तो मी,” गोगा म्हणाला. “गुहेत अडकलोय. चौदा वर्षं.”

“मग कुणी सोडवायला का नाही गेलं?”

चौकशीबाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं, प्लास्टिकचा फासा उचलला आणि जाहीर केलं, “आता मी ग्रह. आत्या, तू खाली ये. तू माणूस.” तिनं ताईसमोर मोजून दहा काड्या ठेवल्या.

इतक्या वर्षांत ताई करपावर कधी उतरलीच नव्हती. ती सदा ग्रह, सदा एकटी, टेबलाच्या पलीकडे. तिनं मला उचललं. तोच तळहात, फक्त जरा खरबरीत झालेला. “किती हवेत?” तिनं विचारलं.

“गुहेत शिरायला पंधरा,” चौकशीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “गाठ आहे ना? मग सोळा.” बाबांनी मान डोलावली. आजवरचा सगळ्यात कडक ग्रह होता हा.

मित्रांनो, मी अख्ख्या जन्मात जेवढा कशासाठी तळमळलो नाही तेवढा त्या क्षणी सतरासाठी तळमळलो. ताईनं मला टाकलं. मी फरशीवरून गेलो, स्टुलाच्या पायाला आपटलो आणि थांबलो. लाल ठिपका वर. चार! जो जवळजवळ कधीच पडत नाही तो. आणि बाबा जे हसायला लागले! “लाकूड आहे ते,” ते खोकत खोकत म्हणाले, “त्याला कुठे ठाऊक आपल्याला काय हवंय!” ताईची एक काडी गेली. मग अकरा पडलो. मग नऊ. मग पंधरा, आणि ग्रह काही बधला नाही. मग दोन, मग बारा. ताईच्या चारच काड्या उरल्या. गोगाच्या कपाळावर घाम आला होता, तेहतीस वर्षांच्या बाप्याच्या. ताईनं मला पुन्हा टाकलं. मी घरंगळलो, डुगडुगलो आणि बसलो. सतरा.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताईनं आपली माणूस म्हणून ठेवलेली गुंडी गुहेच्या चौकोनात सरकवली, कप्तानाच्या शेजारी. तिच्या चार काड्या आणि त्याची एक, पाच झाल्या. यान, म्हणजे चिमणी, अजून लांब होतं. दोघांनी दोन दोन घेतल्या. राहिली एक, ती चौदा वर्षांची. ताईनं ती मध्यावर मोडायला घेतली, पण जुनी काडी, वाकडी मोडली. एक तुकडा मोठा, एक लहान.

ताईनं मोठा तुकडा गोगासमोर ठेवला. गोगानं तो तिच्यासमोर सरकवला.

“तू घे. तुला दम कमी आहे.”

“मी तुझ्याहून मोठी आहे. मी सांगते ते ऐक.”

“कप्तान मी आहे!”

“कप्तानाला अक्कल नाही!”

“आणि तुला होती? नऊ वर्षं ठिपक्याला सूर्य सांगत होतीस!”

“हो, सांगत होते! काय करशील?”

आवाज चढत गेले. तो इवलासा तुकडा नकाशावर इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलला जात होता. चौकशीबाई घसा फोडून ओरडत होत्या, “भांडू नका, हवा संपेल!” आणि बाबांनी थरथरत्या हातानं वर्तमानपत्र उचलून तोंडावर घेतलं आणि त्याच्याखालून म्हणाले, “करपा बंद करीन हं!” पण कुणी चिडीचूप झालं नाही. मी स्टुलाखाली पडून ऐकत होतो. चौदा वर्षांनी ती दोघं भांडत होती, आणि माझं काळीज भरून आलं होतं.

आता मी चौकशीबाईंच्या दप्तरात असतो. सुट्टीत सगळी जमली की बाहेर येतो. मी म्हातारा झालोय, माझ्या कडा झिजल्यात, पण गाठ आहे तिथेच आहे, ती काही जाणार नाही. तुमच्याही घरी असा एखादा जुना गडी कपाटावर पडला असेल, मित्रांनो. त्याला टाकायच्या ढिगात घालू नका, आणि त्याची खोट झाकूही नका. माझा ठिपका फिका पडला तर पुन्हा रंगवा, समोरच्याला दाखवा, आणि मग खुशाल टाका मला टेबलावर.